बाळंतघरातला खोटा दगड

१

माझ्या सुनेला खोटारडी म्हणायचा हक्क या गावात फक्त मला आहे, आणि तो मी अजून वापरलेला नाही. त्यामुळं समितीच्या अध्यक्षबाईंनी तो चारचौघांत परस्पर वापरून टाकला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जागा होती बाळंतघराचा व्हरांडा. बाळंतघर म्हणजे आमच्या गावातलं बायकांचं जुनं इस्पितळ. अर्धं गाव तिथं पहिल्यांदा रडलं. माझी तिन्ही पोरं तिथलीच. आता ते बंद आहे, खिडक्यांना फळ्या ठोकल्यात, आणि गिरणीवाल्या शेठच्या नातवाला ते पाडून तिथं दुकानांचा मनोरा उभा करायचाय. त्याचं म्हणणं असं, की ही इमारत त्याच्या आजोबांनी गावाला दान दिली होती, आता तिचा वापर संपला, तेव्हा जागा घराण्याकडं परत यावी. आजोबांनी दान दिल्याचं, आमच्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्या सरांच्या पुस्तकात छापलंय. शाळेतली पोरंही तेच घोकतात.

माझी सून जुन्या इमारती वाचवायचं काम करते. कोणी बांधली, कशाला बांधली, कोण तिथं राबलं, हे शोधून लोकांना सांगायचं आणि पाडणाऱ्यांच्या आडवं पडायचं. व्हरांड्याच्या भिंतीवरचे रंगाचे थर ती कित्येक महिने खरवडत होती. शेवटी आतून एक कोरीव दगड निघाला. त्यावर लिहिलं होतं, ही वास्तू गावातल्या सुइणींनी आपल्या कमाईतून गावच्या बायकांसाठी बांधली. खाली साल. ते साल शेठची गिरणी उभी राहायच्या कितीतरी आधीचं. म्हणजे दान नाही न् शेठ नाही. जागा गावाची, आणि इमारतीला कुणी हात लावायचा नाही.

त्या दिवशी जुन्या इमारतींचा निवाडा करणारी समिती तो दगड बघायला आली होती, अध्यक्षबाईंच्या शेजारी सरही होते. नातवानं आपला एक जाणकार आणला होता. त्यानं ओला कापूस घेतला आणि अक्षरांवरून फिरवला. कापूस तपकिरी झाला, आणि दगड खाली नुकत्या सोललेल्या मुळ्यासारखा पांढरा निघाला.

"ताजं कोरीवकाम आहे," जाणकार म्हणाला. "वरून मळ फासलाय."

अध्यक्षबाईंचा आवाज मुळातच शाळेच्या घंटेसारखा. त्या म्हणाल्या, "हा दगड खोटा आहे. आणि ही बनवाबनवी कोणी केली, ते वेगळं सांगायला नको."

सगळ्यांच्या माना माझ्या सुनेकडं वळल्या.

"मला सापडलेला दगड हा नाही," ती म्हणाली. ठणकावून म्हणाली. "माझ्याकडं फोटो आहेत, अक्षरांवर कागद दाबून घेतलेला ठसा आहे."

"फोटोत याच दगडाला मळ फासलेला असेल," नातू म्हणाला आणि त्याची माणसं हसली.

ती पुढं झाली. दगडावर हात ठेवला, बोटं कडेपर्यंत नेली, आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. एवढी तोंडाळ पोरगी, माझ्याशी भांडताना दमत नाही, पण तिथून घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

२

घरी आल्यावर तिनं आपली हत्यारं पुसायला घेतली. ब्रश, पातळ सुऱ्या, भिंग. एकेक पुसून पेटीत ठेवत होती, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखी.

"कुठं चाललीस?"

"कुठं नाही, आई. आता लागणार नाहीत."

पुढच्या आठवड्यात समिती पुन्हा त्याच व्हरांड्यात बसणार होती. तिथं निकाल. दगड हिनंच बनवला असं ठरलं, तर बाळंतघर पाडायची परवानगी आणि हिचं नाव कायमचं काळ्या यादीत. पुन्हा कुठल्याच जुन्या इमारतीला हात लावता येणार नाही, या गावात नाही की दुसऱ्या.

ते काम कसलं, हे मला विचाराल तर मी आजही म्हणेन, शहाण्या माणसाचं नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या नातेवाइकांनी विचारलं, सून काय करते? मी म्हटलं, पडक्या भिंतींची नाडी बघते. घड्याळाचा मनोरा पाडायला निघाले तेव्हा ही बुलडोझरसमोर खुर्ची टाकून बसली. जुना छापखाना गोदाम व्हायचा होता, तर हिनं तिथं अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्यांना गोळा करून लोकांना गोष्टी ऐकवल्या, आणि ज्यांनी आयुष्यात पुस्तक उघडलं नव्हतं ते रांगा लावून आले. रविवारी घरी पाहुणे आले की ही गावातल्या गल्ल्यांतून पन्नास माणसं हिंडवत असायची. पगार म्हणाल तर आनंदीआनंद. पण तिनं कधी एक वीटसुद्धा खोटी सांगितली नाही. वाढदिवसाला मी केलेला केक करपला तर "करपलाय" म्हणून तोंडावर सांगणारी बाई आहे ती. असली बाई दगड बनवेल?

माझा मुलगा म्हणाला, "आई, मोठ्या लोकांशी वैर नको. गप्प बसावं, सगळं आपोआप निवळतं."

"तुझ्या बापाचंही हेच म्हणणं होतं," मी म्हटलं. "म्हणून घरात सगळं मलाच निवळायला लागलं."

मग सुनेकडं वळले. "दगड बदललाय हे तुला माहीत आहे. कडेवर हात गेला आणि तू पांढरी पडलीस. काय लागलं हाताला?"

तिनं पेटीचं झाकण लावलं. "काही नाही."

तिला खोटं बोलता येत नाही, आणि बोलायला गेली की कान लाल होतात. त्या वेळी दोन्ही कान लालबुंद झाले होते.

३

मी आधी गेले शेठच्या नातवाकडं. चोर म्हणून सगळं गाव ज्याच्याकडं बोट दाखवेल, त्याच्यापासून सुरुवात करावी. चोर निघाला तर काम आटोपलं, नाही तर निदान तोंडावर चार शब्द सुनावून येता येतं.

त्याची कचेरी काचेची. बसायच्या खुर्च्या अशा, की एकदा बसलं की उठायला माणूस लागावा. मी उभीच राहिले.

"या आजी," तो म्हणाला. "सुनेची रदबदली करायला आलात?"

"तुझं नाक बघायला आले. बाळंतघरात तू जन्मलास तेव्हा चपटं होतं. आता फारच वर आलंय."

तो हसला. माणूस लबाड असला तरी हसणारा होता, एवढं कबूल करते.

"दगड तू बदललास?"

"आजी, मला एक सांगा. तो दगड मला नडत होता की नाही?"

"होता."

"मग मी काय केलं असतं? रंगकाम करणाऱ्या पोराच्या हाती घण दिला असता. एक घाव, दगडाचे तुकडे, वर सिमेंट, संपलं. कोण म्हणणार काय होतं तिथं? हुबेहूब अक्षरं कोरून दुसरा दगड बसवायचा, हे नसते उद्योग मी कशाला करू? माझ्याकडं एवढा वेळही नाही आणि असला कारागीरही नाही."

"मग कोणाला वेळ आहे?"

"ज्याचं दगडांवर प्रेम आहे त्याला," तो म्हणाला. "तुमच्याच घरात बघा."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण वाटेत येताना तेच डोक्यात घोळत राहिलं. बोलला ते खोटं नव्हतं. ज्याला दगड नको, तो फोडतो. मग हा कसला चोर, जो नको असलेल्या दगडाची इतक्या मायेनं नक्कल करतो?

४

बाळंतघराचा पहारेकरी दारात खुर्ची टाकून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता.

"आत कोण कोण आलं होतं, सून दगड शोधून गेली त्यानंतर?"

"कोण नाही आलं ते विचारा. नातवाची मोजमापवाली माणसं आली. सरांच्या इतिहास खात्याची माणसं रंगाचे नमुने घ्यायला आली. तुमच्या सूनबाई आल्या. सगळ्यांकडं परवानगी, सगळ्यांनी आपापली ताडपत्री बांधली. धूळ उडते ना. येताना सगळ्यांच्याच अवजारांच्या जड पेट्या असतात, त्या कोण उघडून बघतो; जाताना मात्र मी बघतो."

"आणि बाहेर काय गेलं? दगडबिगड?"

"दगड? छे हो. तो एकट्याला उचलायचा नाही. दारातून जाताना मी बघितलाच असता. पोत्यांतून राडारोडा तेवढा गेला. फुटक्या विटा, चुना."

"कोणाची पोती?"

"पोत्यावर काय नाव असतं?" म्हणाला आणि पुन्हा कोड्यात घुसला.

मी आत गेले. व्हरांड्यात कोणी नव्हतं. दगडासमोर उभी राहिले आणि सुनेनं केलं तसंच केलं, बोटं कडेपर्यंत नेली. माझं नख अडकलं. दगड भिंतीच्या सपाटीला नव्हता, नखाच्या जाडीएवढा आत होता. वर, खाली, दोन्ही बाजूंना, सगळीकडं सारखा. चुकून आत गेला असता तर एखाद्या बाजूला कमी, एखाद्या बाजूला जास्त गेला असता. हा मुद्दाम तसा बसवलेला होता.

गावात दगडाचं बारीक काम करणारा गवंडी एकच. सगळे त्याला छिन्नीमामा म्हणतात. त्याच्या अंगणात जाऊन मी सरळ विचारलं, "तो खोटा दगड तू बसवलास का रे?"

त्यानं हातातली छिन्नी खाली ठेवली. "ताई, शिवी द्यायची तर आईवरून द्या, कामावरून नको. मी बघून आलोय तो दगड. नख अडकतं त्याला! माझ्या सांध्यावरून रेशमाचा धागा ओढा, अडकला तर मजुरी परत. याच गोष्टीवरून तर माझं सरांशी वाजलं."

"कुठल्या गोष्टीवरून?"

"त्यांचा नियम होता. जुन्या इमारतीत नवीन दगड घातला, तर तो नखभर आत बसवायचा. का, तर शंभर वर्षांनी येणाऱ्याला कळावं, हा जुना नाही, मागून घातलाय. त्याची फसवणूक होऊ नये. मी म्हटलं, सर, मला नाही जमायचं, असं काम केलं तर माझा बाप वरून जोडा फेकून मारेल. तेव्हापासून आमची फारकत."

"मग तसं बसवणारे हात आहेत कोणाचे?"

छिन्नीमामा माझ्याकडं बघेना. अंगणातली खडी पायानं सारखी करत राहिला.

"दोघांचेच आहेत, ताई. सर स्वतः छिन्नी धरतात, कोरतातही झकास. आणि त्यांनी आपल्या हातानं शिकवलेलं माणूस एकच आहे."

"कोण?"

"तुमची सून."

५

घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. सालीबरोबर अर्धा बटाटा चालला होता. मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली.

"नखभर आत," मी म्हटलं.

ती खालीच बसली, फरशीवर.

"मला एवढंच सांग. तू की तो?"

"आई!"

"आई काय? जगात हे हात दोघांचेच. तू गप्प बसलीयस. बाहेरच्या माणसानं काय समजावं?"

"मी कशाला बदलेन?" ती उसळली. बरं वाटलं मला, तिचा आवाज परत आला. "माझ्याकडं खरा दगड होता! खरं हातात असताना खोटं कोण बनवतं? ज्याला खरं नको आहे तोच बनवणार."

"आणि सरांना खरं नको होतं."

तिनं हातांना लागलेली बटाट्याची माती पुसली. मग म्हणाली, "त्यांचं सगळं नाव त्या पुस्तकावर उभं आहे. शेठनं बाळंतघर दिलं, शेठनं गाव घडवलं, हे त्यांनी लिहिलं. त्यांचे मानसन्मान, खातं, समितीतली जागा, सगळं त्यातून आलं. दगड सापडला तेव्हा मी पहिला ठसा त्यांनाच नेऊन दिला. किती वेळ बघत बसले. मला म्हणाले, शाबास."

"ठशावरूनच कोरला मग."

"हो. आणि बसवताना हात सवयीनं आत गेला असणार. त्यांना कळलंही नसेल. आयुष्यभर तसंच केलंय. सिमेंटसुद्धा वापरलं नाही, चुनाच वापरला. त्या कडेला हात लागला आणि मला त्यांचा हातच ओळखू आला. ज्या माणसानं मला हे सगळं शिकवलं, त्याला चोर कसं म्हणू?"

"तोंडानं म्हणायचं. त्यानं तुला म्हणू दिलंच की. शेजारी उभा राहून चष्मा पुसत होता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बटाट्याची साल उचलायला लागले. रडणाऱ्या माणसाकडं बघत बसू नये, त्याला लाज वाटते.

"आता खरा दगड तर गेलाच असेल," मी म्हटलं. "फोडला असेल मेल्यानं."

"सर? दगड फोडतील?" रडता रडता तिला हसू आलं. "आई, ते फुटक्या कौलाचा तुकडासुद्धा कापसात गुंडाळून ठेवतात. त्यांचा हातच उचलणार नाही."

"मग घरी नेला असेल."

"जागेवरची वस्तू हलवायची नाही, हे तर त्यांचं..." ती थांबली.

मला पहारेकऱ्याची पोती आठवली. "हे बघ, मला तुमच्या शास्त्रातलं कळत नाही. पण फडताळातून एक डबा काढून तेवढाच दुसरा ठेवला, तर फडताळातला पसारा बाहेर काढावा लागत नाही. एक दगड काढला, एक घातला. मग पोती भरून विटा आणि चुना कुठून निघाला?"

ती उठून उभी राहिली. भिंत केवढी जाड आहे हे दाखवायला तिनं हात पसरले आणि तसेच ठेवले.

"आई," ती म्हणाली, "तो तिथंच आहे. खोट्याच्या मागं."

६

निकालाच्या दिवशी व्हरांडा भरलेला होता. आदल्या संध्याकाळी मी ओळखीपाळखीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, या, तमाशा आहे. तमाशाला कोण येत नाही? ज्यांची पोरं तिथं जन्मली त्या बायका आल्या, छापखान्यातले म्हातारे आले, हत्यारांची पिशवी घेऊन छिन्नीमामा आला. समिती टेबलामागं बसली. अध्यक्षबाई मधोमध, सर त्यांच्या उजव्या हाताला.

सून उभी राहिली. "मला एकच विनंती करायची आहे. हा दगड काढा. मागं काय आहे ते बघा, मग निकाल द्या."

"निकाल लागेपर्यंत इमारतीला हात लावायचा नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "नियम आहे."

"आणि निकाल लागल्यावर इमारतच राहायची नाही," मी मागून म्हटलं. "भले! पेशंट मेल्यावर ताप मोजणार."

"तुम्ही कोण?"

"मी हिची सासू. हिला काय म्हणायचं ते घरी मी म्हणते. तुम्ही मध्ये पडलात म्हणून यावं लागलं."

मी माझी खुर्ची उचलली आणि दगडापुढं नेऊन ठेवली, भिंत आणि टेबल यांच्या बरोबर मध्ये. बसले. "छिन्नीमामा, कर सुरू. ज्याला अडवायचंय त्यानं आधी मला उचलावं. माझी पोरं या भिंतीपलीकडं झाली, तेव्हाही मला कोणी हलवू शकलं नव्हतं."

पहारेकऱ्यानं अध्यक्षबाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याला एकदम पेपरातलं कोडं आठवलं.

शेठचा नातू हसत म्हणाला, "काढू द्या हो, मॅडम. निघणार काय? विटा. एकदाचा यांचा जीव शांत होऊ दे."

"सर, तुमचं काय मत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सर म्हणाले, "अनावश्यक आहे." आवाज शांत होता. पण हात टेबलाखाली गेले.

आता एक गोष्ट मी सुनेलासुद्धा सांगितली नव्हती. आदल्या रात्री छिन्नीमामाला म्हटलं होतं, बारीक हत्यारं पिशवीतच ठेव, आधी घरातली सगळ्यात मोठी पहार घेऊन ये. ती त्यानं काढली. लोखंडाची, माणसाएवढी. दोन्ही हातांनी मागं नेली, दगडाच्या बरोबर मधोमध रोखून.

सुनेच्या तोंडून शब्द निघायच्या आत सर उठून उभे राहिले होते. खुर्ची मागं पडली.

"पहार नको!" ते ओरडले. "मूर्खा, मागचा दगड फुटेल!"

छिन्नीमामानं पहार हळूच खाली टेकवली.

मी वळून सरांकडं बघितलं. "मागचा कुठला, सर?"

७

मग सुनेनं स्वतः पातळ सुरीनं कडेचा चुना मोकळा केला. चुना आतून अजून ओलसर होता. छिन्नीमामानं आणि तिनं मिळून खोटा दगड ओढून बाहेर काढला. मागं पोकळी होती, नीट तासलेली. त्यात कापडात गुंडाळलेला दगड, खाली लाकडाच्या पट्ट्या, ओल लागू नये म्हणून. बाळाला निजवतात तसा निजवलेला.

कापड सोडवायला सरांनी हात पुढं केला. सुनेनं मान हलवली. छिन्नीमामाला म्हणाली, "मामा, दुसरं टोक तुम्ही धरा."

दगड बाहेर आला. काळपट, कडा झिजलेल्या, अक्षरांच्या खाचांत कधीकाळचा पिवळा रंग. मागं उभ्या असलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकून वाचायला लागल्या. सुइणींनी. आपल्या कमाईतून. नातवाचा जाणकार कापूस घेऊन पुढं आला. त्यानं पुसलं, भिंग लावलं, आणि नातवाकडं बघून नुसते हात पसरले. नातू हसायचा थांबला. थांबल्यावर नाक खरंच चपटं दिसलं.

सर पायरीवर बसले होते. त्यांचं वय झालंय हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दया आली का? थोडी आली. पण दया आली म्हणून हिशेब चुकता होत नाही.

"मी खरं पुसलं नाही," ते सुनेला म्हणाले. "पुढं ढकललं फक्त. मी गेल्यावर कोणीतरी भिंत उघडलीच असती. तोवर दगड सुरक्षित राहिला असता."

"भिंत?" सून म्हणाली. "सर, तोवर भिंत राहिली असती का? पाडायची परवानगी आजच मिळणार होती."

"ते मी थांबवणार होतो. काहीतरी करून."

"आणि मी? तोवर मी काय करायचं होतं?"

सर चष्मा पुसायला लागले. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना तोवर पडलाच नव्हता. दगडासाठी त्यांनी लाकडाच्या पट्ट्या आणल्या, कापड आणलं. माणसासाठी काही आणायचं राहून गेलं.

अध्यक्षबाई घाईघाईनं टेबलाच्या पुढं आल्या. सुनेला बाजूला घेऊन, खालच्या पट्टीत म्हणाल्या, "इमारत वाचली, हे महत्त्वाचं. नाही का? सरांचं वय बघा. आपण आत बसून एक छोटंसं निवेदन करू. थोडा गैरसमज झाला होता, तो दूर झाला. तुमचं काम सुरूच राहील. उलट वाढेल."

मी काही बोलणार होते. पण सुनेनं हात वर केला, आणि मी गप्प बसले. माझ्या घरात असं करायची कोणाची हिंमत नाही. इथलं काम मात्र तिचं होतं.

"गैरसमज नव्हता," ती म्हणाली, चांगलं खणखणीत. "सरांचं पुस्तक चुकलं होतं. ते मी लिहीन. त्यांनी ते झाकायला काय केलं, तेही लिहीन. हा खोटा दगडसुद्धा टाकून द्यायचा नाही. खऱ्याच्या शेजारी ठेवायचा आणि खाली पाटी लावायची, कोणी कोरला, कधी, का. बायकांचं नाव एकदा पुसलं गेलं होतं आणि दुसऱ्यांदा पुसायला एक विद्वान माणूस निघाला होता, हाही या इमारतीचा इतिहासच आहे. तुम्हाला चालत नसेल तर माझं नाव आजच काळ्या यादीत घाला. मी बाहेर रस्त्यावर उभी राहून सांगेन. तिथं मला परवानगी लागत नाही."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. छापखान्यातला म्हातारा असावा, त्याला उगीच टाळ्या वाजवायची सवय आहे. पण मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"ठीक आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि कागद गोळा करायला लागल्या. "तसं करू. नोंद घेतली आहे."

आता मात्र मी खुर्चीवरून उठले.

"नोंद राहू द्या, बाई. गेल्या आठवड्यात तुम्ही इथंच उभ्या होता, त्या खांबापाशी. तिथून माझ्या सुनेला खोटारडी म्हणालात. कागदावर नाही, तोंडानं म्हणालात. सगळ्यांदेखत. आता तिथंच उभ्या राहा आणि त्याच तोंडानं परत घ्या."

"अहो, पण..."

"मला घाई नाही. स्वयंपाक मुलगा करतोय."

लोक हसले. मग हळूहळू गप्प झाले आणि वाट बघायला लागले. अध्यक्षबाईंनी इकडं तिकडं बघितलं. दारात माणसं, पायऱ्यांवर माणसं. त्या खांबापाशी गेल्या, चष्मा नीट केला आणि दगडाकडं बघत पुटपुटल्या, "यांनी कोणतीही बनवाबनवी केलेली नाही. समितीची चूक झाली."

"मागं ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज बरा होता.

"पायऱ्यांवर नाही पोचलं."

तिसऱ्यांदा त्यांची ती शाळेची घंटा वाजली. अगदी खणखणीत. फाटकाबाहेर हातगाडी लावलेली भाजीवाली हातातला तराजू तसाच धरून आत डोकावली.

"काय झालं हो? कोण चुकलं?"

"ये, आत ये," मी म्हटलं. "बाई पुन्हा सांगतायत."